मुकीच्या काठचं धुणं

दगड सुलभाच्या तोंडावर बसला तेव्हा तिच्या ओठांवर धाकट्या बहिणीनं रचलेली ओवी होती. ओवीचा शेवटचा शब्द बाहेर आलाच नाही. त्याच्या जागी रक्त आलं, रक्तामागून दात आले, आणि दमलेली बाई जात्यापाशी बसावी तशी ती ओढ्याच्या चिखलात बसली. तिचा उजवा हात पदरात बांधलेला होता. तोंड धरायला तो सुटेना.

समोरच्या काठावर धाकटी, वैजयंता, उभी होती. तिचाही उजवा हात पदरात बांधलेला. तिनं मागं वळून पाहिलं. ज्यानं दगड फेकला होता तो हात अजून हवेतच होता. तो तिच्या नवऱ्याचा होता.

हे कसं झालं, ते कळायला आधी मुकीचं सांगायला हवं.

मुकी हा ओढा. भर पुरातही त्याचा आवाज येत नाही म्हणून मुकी. त्याच्या एका काठाला खारजाई, दुसऱ्या काठाला बेलसरी. बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि हलगीच्या ठेक्यावर एकमेकींना शिव्या घालतात. या दिवसाला धुणं म्हणतात. वर्षभर मनात साचलेला मळ त्या पाण्यावर आपटून काढायचा, पिळायचा, सोडून द्यायचा. पुरुषांनी मागं राहायचं. बायांनी उजवा हात पदरात गाठ मारून बांधायचा. हलगी थांबली की गाठी सोडायच्या, पाण्यात उतरायचं, एकमेकींना हळदीकुंकू लावायचं आणि बेंदराची उरलेली पोळी वाटून खायची. सुरुवातीची ओवी दोन्ही काठ एकदमच म्हणतात:

भांडावं तोंडानं, हात पदरात बांधून,
मुकीचं पाणी जाई दोन्ही काठांना सांधून.

सुलभा आणि वैजयंताची आई बेलसरीची माहेरवाशीण. सुलभाला तिनं भावाच्याच घरी, बेलसरीत दिली. वैजयंता पडली खारजाईत. दोघी मुकीच्या दोन काठांना झाल्या तेव्हा आईनं त्यांना आपली चोरून जपलेली रीत दिली. जिच्यावर ओवी घालायची, तिलाच ती रचू द्यायची. कुठं दुखतं ते तिलाच ठाऊक असतं, आणि कुठपर्यंत दुखू द्यायचं तेही. म्हणून दरवर्षी वैजयंता स्वतःवरच्या शिव्या घडवून आक्काला सांगे, आणि आक्का आपल्यावरच्या वैजयंताला. काठावर ऐकणाऱ्या बाया म्हणत, सख्ख्या बहिणी असून कशा एकमेकींचं काळीज हेरून मारतात. दोघी मनात हसत. पुरुषांना हे सांगायचं नाही, अशी आईची शपथ होती. सांगितलं तर गंमत जाते, एवढंच तिचं म्हणणं होतं.

*

पूर्वी सहलीचा विमा म्हणजे बारीक अक्षरांचे कागद. दरड कोसळली, बंद पुकारला गेला, गाडी चुकली, की माणूस पावत्या जोडत बसे आणि कंपनीच्या दारात चपला झिजवी. मग चाहूल नावाची यंत्रणा आली.

रस्त्याकडेच्या खांबांवर तळहाताएवढ्या पेट्या बसल्या. जमिनीचा कंप, चाकांची लय, पावलांचा वेग, आवाजांची पट्टी, सगळं त्या ऐकत. दरड सुटण्याआधी माती कशी कुरकुरते, गर्दी उसळण्याआधी शटरं कोणत्या घाईनं खाली येतात, हे चाहूल लाखो खोळंब्यांवरून शिकली होती. त्यावरून ती प्रत्येक सहलीचा दर ठरवी. खोळंबा जितका जवळ, तितका दर चढा. दरानं ठरलेली रेष ओलांडली की दावा करायलाच नको, भरपाई आपोआप जमा. कधी कधी तर खोळंब्याच्या आधीच. सुखरूप नावाच्या विमा कंपनीची जाहिरातच तशी होती.

दर सगळ्यांना दिसला पाहिजे असा नियम झाला, कारण विमा घेणाऱ्यानं डोळस असावं. नियम चांगला होता. पण लोक हळूहळू आभाळाऐवजी फोनवरच्या दराकडे बघू लागले. दर हिरवा असला की बाहेर पडत. तांबडा झाला की शाळा लवकर सुटे, दुकानं मिटत, नाक्यावर माणसं जमत. त्या जमलेल्या माणसांची पावलं चाहूल पुन्हा ऐके, आणि दर आणखी चढे.

चाहूलच्या कानाची आणखी एक खोड होती. नुसत्या शिवीगाळीला ती वजन देत नसे. कुणाचं तरी वाटोळं होवो, हे तिच्या लेखी वारं. ती शोधे नेमकी धमकी. नाव, वस्तू, दिवस. अमक्या बाईची अमकी गाडी अमक्या दिवशी जळो, असं कानी आलं की तिचा काटा थरथरे. शहरांतल्या दंगलींनी तिला तसं शिकवलं होतं, आणि तिथं ते खरंही होतं. मायेनं धमकी देणारी माणसं तिनं कधी ऐकली नव्हती.

*

वैजयंताच्या नवऱ्यानं, हणमंत खिलारेनं, त्या वर्षी नवी गाडी घेतली होती. विजेवर चालणारी, निळी, छोटी बस. साताऱ्या-पुण्याकडचे पाहुणे धुणं बघायला येत, त्यांना वैजयंता सहलीवर आणे. पिठलं-भाकरी, बैलांची मिरवणूक आणि दुसऱ्या दिवशी शिव्या. पाहुण्यांना शिव्याच जास्त आवडत.

पुण्याच्या बर्वेकाकांचा फोन आला तेव्हा ती ओसरीवर वाल सोलत होती.

"वैजयंताबाई, हे विम्याचे तीन प्रकार मला जरा उलगडून सांगा. साधा म्हणजे?"

"सामान हरवलं, पोट बिघडलं, असलं काय तरी."

"पोटाचं मी बघून घेईन. पुढचा?"

"खोळंब्याचा. गाडी बंद पडली, रस्ता खचला, ओढ्याला पाणी आलं, तर."

"आणि तो अशांततेचा?"

"त्यात दंगल, मारामारी, बंद असलं येतं. पर काका, त्याला मुक्कामाच्या जागी चाहूलचे खांब लागतात. मुकीवर न्हाईत."

"मग बसवून घ्या. बायका समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचं वाटोळं चिंतणार, आणि मी साध्या विम्यावर बसून बघू?"

"खोट्या शिव्या असतात त्या."

"शिवी खोटी असू दे, विमा खरा हवा. आमचा सगळा ग्रुप येईल, पण अशांतता मिळाली तर."

तिनं हणमंताला विचारलं. तो गाडी पुसत होता. दिवसातून दोनदा पुसायचा.

"बसव की. खांबच तर हाय," तो म्हणाला. "पाहुणे गेल्यावर त्याला दोरी बांधू. कपडे वाळतील."

सुखरूपकडून मैथिली निमकर नावाची बाई आली. मुकीच्या दोन्ही काठांवर एकेक खांब रोवून, पोळी खाऊन, हसून गेली. बेलसरीकडचा खांब सुलभानं स्वतः पंचायतीत बोलून मंजूर करून घेतला. धाकट्या बहिणीचा धंदा होता.

त्याच आठवड्यात दोघींचं फोनवर बोलणं झालं.

"आक्का, ध्यानात ठेव हां. खारजाईच्या वैजे, तुझी मिरवते गं गाडी, धुण्याच्या दिवशी जळो, संगं जळो नवी साडी."

सुलभा हसली नाही. "वैजे, जरा जास्तच हुतंय. नवी गाडी हाय तुझी."

"म्हणून तर. गाडी आल्यापास्नं माझे पाय जमिनीला लागत न्हाईत, असं बाया मागं बोलत्यात. तू तोंडावर बोललीस की त्यांचं मन निवंल. आन ही पण घे. तुझी गं भाकर, वैजे, दगडाची बहीण, कुत्र्यानं हुंगिली, म्हणे उपाशी राहीन."

आता सुलभा हसली. खळाळून, गळ्याच्या तळातून. पंचक्रोशीत तसा आवाज नव्हता. "आता माझी घे. बेलसरीच्या सुले, तुझा नवरा झोपाळू, चोरानं नेली म्हैस, म्हणे शेपूट सांभाळू."

"दाजी चिडतील."

"जागे झाले तर चिडतील."

मग बेलसरीत तालमी सुरू झाल्या. मुकीकाठच्या दळणाच्या गिरणीपाशी, पाणवठ्यावर, मुकीच्या पायवाटेवर बाया वैजीच्या गाडीची ओवी घोळवून घोळवून म्हणू लागल्या. खांबानं ऐकलं. नाव होतं, वस्तू होती, दिवस होता. बहिणीच्या मायेनं इतकी नेमकी घडवलेली धमकी चाहूलनं त्या मुलखात दुसरी ऐकली नव्हती.

मुकीचा दर पिवळा झाला. मग तांबडा.

*

खारजाईच्या पारावर माणसं फोन धरून बसली. धुण्याला कधी काही झालं नव्हतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण दर तांबडा होता.

"यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला," शंकर टेलर म्हणाला. "आपल्याला ऐकू येत न्हाई ते त्याला येतं. बेलसरीवाले काय तरी शिजवत्यात."

बेलसरीच्या पारावर हेच बोलणं चाललं होतं, फक्त गावाचं नाव बदलून. दोन्हीकडे बाभळीच्या काठ्या तोडल्या गेल्या. ओढ्यातले गोटे उचलून काठावर ढीग लागले. गोट्यांचा खडखडाट खांबांनी ऐकला. तांबडा गडद झाला.

"आक्का, तुमच्याकडं दगड जमवाय लागलेत का?"

"तुमच्याकडं जमवत्यात म्हणून."

"आमच्याकडं तुमच्यामुळं."



वैजयंतानं निमकरबाईला फोन लावला. "मॅडम, त्या ओव्या हायत. मारामारी न्हाई. तुमच्या यंत्राला तेवढं सांगा."

"ताई, सांगून दर बदलत नाही. माणसाच्या शब्दावर बदलला, तर उद्या कुणीही आम्हाला फसवेल. तुम्ही सहल रद्द करू शकता. पण स्वतःहून रद्द केलीत, तर पाहुण्यांना काही मिळणार नाही."

वैजयंतानं सहल रद्द केली नाही. आपल्याच आईची ओवी होती, आपलाच ओढा होता, समोर आपलीच बहीण असणार होती. "आपण दोघी हाय की," ती आक्काला म्हणाली. "लोटपोट हसवू सगळ्यांना. हसणाऱ्याचा हात उठत न्हाई."

त्या संध्याकाळी हणमंतानं गाडी पुसली नाही. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुझ्या बहिणीला जाळायला माझीच गाडी दिसली व्हय?"

"अहो, ओवी हाय ती."

"आजवर ओव्या भाकरीवर, नवऱ्यावर, म्हशीवर होत्या. औंदा गाडीवर कशी आली? आन दर तांबडा कसा झाला?"

आईची शपथ तिच्या घशाशी आली. तिनं ती गिळली. धुणं झालं की सांगू, तिला वाटलं. तिघं मिळून हसू.

हणमंत गाडीपाशी गेला आणि ओढ्याकडं तोंड करून बसला.

*

धुण्याच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. हलगी कडाडली. बायांनी उजव्या हाताला पदराच्या गाठी मारल्या. पण त्यांच्या मागं, दर वर्षी झाडाखाली पेंगणारे पुरुष, त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांना पदर नव्हते.

पाहुणे पुढं बसले. बर्वेकाकांचे गुडघे दुखत होते म्हणून ते गाडीतच, खिडकीपाशी बसले.

दोन्ही काठांनी सुरुवातीची ओवी म्हटली. मग वैजयंतानं झोपाळू नवऱ्याची ओवी फेकली. बेलसरीच्या बाया हसल्या. मागं उभ्या सुलभाच्या नवऱ्यानं, रघुनाथदाजींनीही, कपाळाला हात लावला. पलीकडून कुत्र्याची आणि भाकरीची ओवी आली. खारजाईच्या बाया हसल्या. मागचा एक पुरुष हसला, मग दुसरा. वैजयंताच्या छातीवरचा दगड हलला. आता बस, आणखी थोडं.

सुलभानं मान ताठ केली आणि गाडीची ओवी घेतली.

"खारजाईच्या वैजे, तुझी मिरवते गं गाडी,"

तिचा आवाज पाण्यावरून आला. ओळखीचा, भरदार. वैजयंतानं डोळा मारला.

"धुण्याच्या दिवशी जळो..."

खांब बोलले. दोन्ही काठांवरचे दोन्ही खांब, एकाच वेळी, एका मंजूळ बाईच्या आवाजात: "येथे हिंसाचार सुरू झाला आहे. कृपया सुरक्षित जागी जा."

हिंसाचार सुरू झाला नव्हता. दरानं रेष ओलांडली होती, एवढंच. पाहुण्यांच्या फोनांवर भरपाई जमा झाल्याची घंटी वाजली. हलगीवाल्याचा हात थांबला. दोन्ही गावांनी आपल्याला न दिसलेला हिंसाचार शोधत इकडंतिकडं पाहिलं.

"...संगं जळो नवी..." सुलभाचा ओघ थांबला नव्हता.

हणमंतानं गोटा उचलला.

मग सगळ्यांनी उचलले. दगड दोन्ही बाजूंनी असे आले की वर आभाळ दिसेना. बाया आरडत मागं वळल्या. मागं पुरुषांची भिंत होती आणि ती पुढं येत होती. उजवे हात पदरात अडकलेले. चेहरा झाकायला हात सुटेना, गाठ सोडायला एकच हात. एकीचा कान फाटला. एकीचं मनगट गाठीतच मोडलं आणि ती ते पदरासकट छातीशी धरून धावली. पुरुष मुकीत उतरले. काठीवर काठी, मग डोक्यावर काठी. गुडघाभर पाण्यात शंकर टेलरला चौघांनी धरलं आणि त्याचं तोंड पाण्याखाली दाबलं. त्याचे पाय पाण्यावर आपटत राहिले, धुणं आपटावं तसे, आणि थांबले. बेलसरीचा म्हातारा बाजीराव आपली बैलं आवरायला पुढं झाला होता. त्याला कुणी मारलं ते कुणालाच नंतर सांगता आलं नाही. एवढ्या जणांनी मारलं होतं.

रघुनाथदाजी, सगळा जन्म ज्याच्या झोपेवर ओव्या झाल्या तो माणूस, दगडांच्या पावसात बायकोवर पालथा पडून राहिला. त्याच्या पाठीवर काठ्या पडत होत्या आणि तो दर काठीला मोठ्यानं म्हणत होता, "बास. बास. बास."

बेलसरीची पोरं पलीकडं आली ती थेट निळ्या गाडीकडं. त्यांच्या तोंडी ती ओवीच होती. आता कुणी ती हसत म्हणत नव्हतं. विजेच्या गाडीची आग लाकडासारखी पेटत नाही. आधी ती फुसफुसते, मग पांढरी होते, आणि मग पाण्यालाही ऐकत नाही. आत बर्वेकाका खिडकी बडवत होते. हणमंत त्या पांढऱ्या आगीत शिरला. दरवाज्याची कडी त्यानं उघड्या हातांनी ओढली. हातांची कातडी कडीलाच राहिली. म्हाताऱ्याला त्यानं बाहेर आणलं आणि दोघं गवतात पडले.

बर्वेकाकांच्या हातात फोन तसाच होता. "पैसे आधी आले," ते खोकत, स्वतःशीच म्हणाले. "मार नंतर आला."

खांब अजून बोलत होते. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मुकी नेहमीसारखीच गप्प वाहत होती. तिचं पाणी तेवढं बदललं होतं.

*

साताऱ्याच्या इस्पितळात एका मजल्यावर हणमंत होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. वरच्या मजल्यावर सुलभा होती, जबडा तारांनी शिवलेला. तिच्या खोलीबाहेर पोलीस बसवला होता. पहिला दगड बेलसरीतून आला, असं अख्खी खारजाई सांगत होती. वैजयंताला वर जाऊ देत नव्हते.

ती नवऱ्याला चमच्यानं पेज भरवत होती.

"ती कंपनीची बाई येणार हाय," हणमंत म्हणाला. "वकील म्हणाला, बेलसरीनं आधी ठरवून केलं, एवढं सिद्ध झालं की गाडीचं मिळतं, हातांचं मिळतं. आन माझा दगड जीव वाचवायला मारलेला ठरतो. तुला फक्त होय म्हणायचंय."

"आन आक्काचं काय ठरतं?"

तो पेज गिळून म्हणाला, "तिनंच म्हटलं न्हवं, गाडी जळो म्हणून. जळली. मी काय खोटं सांगतोय?"

वैजयंतानं चमचा वाटीत ठेवला.

"ती ओवी माझी हाय."

"काय?"

"मी रचली. मीच तिला फोनवर दिली. ती म्हणत हुती, जास्त हुतंय म्हणून. दर वर्षी असंच असतं. तिच्यावरच्या ती रचती, माझ्यावरच्या मी."

हणमंतानं उशीवरून मान उचलली. 

"मंग मला का न्हाई सांगितलंस?" त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला वाकावं लागलं. "मी विचारलं हुतं. समोर उभा राहून विचारलं हुतं."

"आईची शपथ हुती."

"एका शब्दावाचून मेलो गं आपण."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मैथिली निमकर आली तेव्हा तो तसाच होता.

निमकरबाई या वेळी हसली नाही. तिनं खुर्ची ओढली. "ताई, माझं काम छोटं आहे. चाहूलनं पहिली धमकी शोधली आहे. ज्यांना ती दिली, त्यांनी ती खरी असल्याचं सांगितलं, की तुमचा गाडीचा आणि हातांचा दावा पुरा होतो. पोलीसही तेच धरणार आहेत. ऐका."

तिनं फोन उशाशी ठेवला. खोलीत सुलभा गाऊ लागली.

बेलसरीच्या गिरणीपाशी कधीतरी घोळवलेली ती ओवी. मागं बायांचं हसणं, पट्ट्याची घरघर, आणि त्या सगळ्यावर तो गळा. आता तारांनी शिवलेला. ‘साडी’वर तिनं अशी तान घेतली होती की जणू खरंच रेशीम पेटलं असावं. वैजयंतानं डोळे मिटले. हा आवाज आता या फोनमध्ये आणि कंपनीच्या पेटीत तेवढा उरला होता, आणि त्यांना तो धमकी म्हणून जपायचा होता.

"ही तुम्हाला दिलेली धमकी आहे?"

हणमंत भिंतीकडं बघत होता. त्याची पाठ ऐकत होती.

"न्हाई," वैजयंता म्हणाली. "ती माझी ओवी हाय. मी माझ्यावर रचली आन बहिणीला म्हणायला दिली. लिहून घ्या."

निमकरबाईनं फोन बंद केला. "ताई, तुम्हाला कळतंय ना? विमा घेणाऱ्यानंच स्वतःला धमकी दिली, यासाठी आमच्याकडे रकानाच नाही. दावा बाद होईल. तुमच्यावरही बालंट येऊ शकतं."

"येऊ द्या."

"आणि मग..." ती जड आवाजात म्हणाली, "धमकी नव्हती तर पहिला दगड का पडला? कुणी टाकला? खांबानं आवाज ऐकलाय, हात पाहिला नाही. तुम्ही पाहिला?"

 त्या प्रश्नाला वैजयंता अजून पोचलीच नव्हती. बहिणीला सोडवायचं, इथपर्यंतच तिची वाट होती. पुढं तिचा नवरा उभा होता. तिनं पेजेच्या वाटीकडं पाहिलं. वाटीवर साय धरली होती.

पलंग कुरकुरला. हणमंत वळला. पट्ट्यांत गुंडाळलेला उजवा हात त्यानं हळूहळू वर केला, छताकडं, शाळेतल्या पोरानं करावा तसा.

"मी," तो म्हणाला.

धुण्याला बायांचा बांधलेला असतो तसा तो हात आता बांधलेला होता.

*

दावा बाद झाला. हणमंत तुरुंगात गेला. वैजयंतावरचं बालंट कोर्टात लोंबकळत राहिलं. सुलभाच्या दारातला पोलीस उठला, जबड्याच्या तारा निघाल्या, पण हाड वाकडंच बसलं. शब्द तिच्या तोंडातून अर्धे वाहून जात. दोघींचं बोलणं झालं नाही. वैजयंता फोन हातात घेई आणि ठेवून देई. ज्या घराच्या हातानं दगड मारला, त्या घरानं कसं बोलावं.

सुखरूपनं मुकीचे खांब काढून नेले. त्या वाटेला आता कुठलाच विमा मिळत नाही. दराच्या जागी करडा ठिपका असतो. पाहुणे येत नाहीत.

पुन्हा बेंदूर आला. दुसऱ्या दिवशी धुणं होणार की नाही, ते कुणी ठरवलं नव्हतं. वैजयंता चुलीपाशी होती तेव्हा फोन वाजला. आक्काचा निरोप होता, आवाजातला. शब्द मोडके, ओले, लाळेत बुडालेले. तिनं तो कानाशी धरून पुन्हा पुन्हा ऐकला, तेव्हा कुठं ओवी जुळली.

सकाळी ती एकटीच मुकीवर गेली. नवी साडी नेसली होती, त्या वर्षी जळायची राहिलेली. तिच्यामागून एकेक करत खारजाईच्या बाया आल्या. पलीकडं बेलसरीच्या. मोडलेलं मनगट घेऊन ती बाई आली, फाटक्या कानाची आली. शंकर टेलरची बायको आली आणि सगळ्यांपासून लांब उभी राहिली. पुरुष झाडाखालीच थांबले. हलगी गप्प होती.

सुलभा समोर आली. रघुनाथदाजी तिला काठापर्यंत धरून घेऊन आले आणि मागं गेले. तिनं दातांनी धरून उजव्या हाताला गाठ मारली आणि वाट बघत उभी राहिली.

वैजयंताला ओवी पाठ होती. पण तोंड उघडेना. बहिणीचं ते हाड उन्हात दिसत होतं.

पलीकडून सुलभानं मोकळ्या डाव्या हातानं खूण केली. म्हण. वैजयंतानं मान हलवली. सुलभानं पुन्हा खूण केली, या वेळी चिडून, लहानपणी पाठांतर चुकलं की करायची तशी.

वैजयंता गायली. पहिला शब्द फाटला, पुढचे सावरले.

"बेलसरीच्या सुले, तुझं वाकडं गं तोंड,
सरळ होतं तेव्हा तरी कुठं होतं गोड."

 सगळ्या बेलसरीनं सुलभाकडं पाहिलं.

सुलभाच्या खांद्यांना हिसका बसला. मग दुसरा. आवाज आला तो आधीसारखा खळाळता नव्हता. एका बाजूनं निसटत, शिट्टीसारखा येत होता. तरी हसूच होतं ते. तिनं डावा हात कानामागं धरला आणि खारजाईकडं मान पुढं केली.

ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हण.